तुला रंग लावायला नको

"तुला रंग लावायला नको. आयताच आहेस," दिग्दर्शक म्हणाले.

कॅनडात, मिसिसागातल्या एका कॉन्डोची पार्टी रूम. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटुकल्याची पहिली तालीम. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. पन्नाशीचा माणूस, पण नाटकात घेतलं म्हणून घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

भूमिका काय? पार्किंग लॉटमधला काळा गुंड. पुण्याच्या इंजिनिअरच्या बायकोची पर्स ओढतो, मार खातो, पळतो. त्याला नाव नव्हतं. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'काळ्या'.

"छाती काढून चाल रे. डोळ्यांत खुन्नस. टीव्हीवर बघत नाहीस का, ही माणसं कशी असतात?"

बाकी सगळ्यांना ते 'अहो' म्हणत. मला 'अरे'.

टीव्हीवर बघून मी आरशासमोर सराव केला. बायको म्हणाली, "कंबर धरलीय का?"

हुडी हवी होती. शेजारच्या वॉन शहरातल्या वेअरहाउसमध्ये माझ्यासोबत मार्कस काम करतो. काळा, सहा फुटी. शिफ्टच्या आधी मुलीच्या वेण्या घालून येतो. घाईत तिचे रबरबँड त्याच्या मनगटावरच राहतात. माझे विंटर टायर त्यानंच बदलले. मी पाना धरून उभा. त्याच्याकडेच हुडी मागितली. एवढी माझी अक्कल.

"हू इज द गाय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सांगता सांगता आवाज बारीक झाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हुडी काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. म्हणाला, "डज ही हॅव किड्स, धिस गाय?"

ब्रेकभर मी वॉशरूममध्ये बसलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा बौद्धवाड्यातल्या पोरांना कायम राक्षस. गुरुजी म्हणायचे, तुम्हाला शोभतं. आई मागे उभी राहून बघायची. हे किस्से मी आजवर हसून सांगत आलो. आणि आता तोच राक्षस दुसऱ्याच्या अंगावर चढवत होतो. त्याचीच हुडी मागून.

हुडी तिथल्या तिथे परत केली. शनिवारी तालमीला गेलो. स्क्रिप्ट टेबलावर ठेवली.

"मी करणार नाही. कुणीच करू नये. हे पात्र काढा."

"अरे, गंमत आहे. मनावर काय घेतोस?"

"मला अहो म्हणा," मी म्हणालो. कुणीतरी उगाच समोशांच्या ट्रेवर झाकण लावलं.

नाटुकलं झालंच. दुसऱ्या कुणीतरी गुंड केला. टाळ्या पडल्या म्हणे. मार्कसला मी सगळं सांगितलं, सॉरी म्हणालो. त्यानं मान हलवली. 'असू दे' म्हणाला नाही. म्हणूही नये.

यंदा नाटकं निवडणाऱ्या समितीसाठी मी नाव दिलंय. निवडून येणार नाही, माहीत आहे. तरी सभेत उभा राहणार. असं पात्र पुन्हा आलं, तर लिहिणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारणार: हा माणूस तुम्हाला कुठं भेटला?

उत्तर येईपर्यंत बसणार नाही.