छताकडे बघून वाचणं

"पोरगी घडाघडा वाचते, आणि तू म्हणतेस तिला वाचता येत नाही?" रात्रीच्या जेवणात सासऱ्यांचा आवाज चढला. "कान तपासून घे, सूनबाई!"

"वाचत नाही, अण्णा. म्हणते. पाठ आहे तिला."

"मग पाठ असणं गुन्हा झाला का?"

शाळा सासऱ्यांची, घराच्याच तळमजल्यावर. पहिलीचं पुस्तकही त्यांनीच लिहिलेलं. बाई लग्न होऊन आली आणि जिना उतरून थेट पहिलीच्या वर्गात गेली. सकाळी खाली, दुपारी वर. आठवडा आठवडा तिला रस्ता ओलांडावा लागत नसे. गुडघे गेल्यापासून सासरे वर आरामखुर्चीत बसून वर्ग ऐकत. पुस्तकातला शब्द चुकला की वरून काठी वाजे, ठक. मुलं दचकत. चुकण्यापेक्षा पाठ करणं सुखाचं, हे त्यांना लवकर कळलं होतं. एकदा बाईने स्वतः वाक्यं लिहून आणली, दुधात पडलेल्या मांजराची. मुलं वाचता वाचता खिदळायला लागली. कागद आवरेपर्यंत काठी थांबली नाही.

आज दुपारी शाळा सुटल्यावर तिने खाली वर्गातच स्वतःच्या मुलीपुढे एक कागद ठेवला. शब्द सगळे आजोबांच्या पुस्तकातलेच, फक्त वाक्यं नवी. पोरीने कागदाकडे पाहिलंच नाही. ती छताकडे बघत राहिली, ठक येतंय का म्हणून.

"तुमच्या पुस्तकात आहे, 'खळखळ जळ बघ.' घरात जळ कोण पितं, अण्णा?"

"काना-वेलांटी शिकवायच्या आधी पाणी कसं देणार? सांग ना!"

"तोवर घसे कोरडे पडतात मुलांचे."

"जाऊ दे ना," नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला. "येईल आपोआप. मला नाही आलं?"

"तू अजून पेपर बोट ठेवून वाचतोस," सासूबाई बोलून गेल्या आणि घाईघाईने वाढायला उठल्या.

बाईने मुलीचं दप्तर उघडलं, पुस्तक काढून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं.

"सोमवारपासून ही समोरच्या शाळेत जाईल. संध्याकाळी रस्ता ओलांडून बोलून आले."

"शाळा घरची, आणि पोर दुसरीकडे? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत."

"आणि तू गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मी खालीच. पहिलीला दुसरं कोण आहे?"