पाहुणे गेल्यावर

भानामती, करणी, अंगात येणं... आमच्या ओट्यावर असला विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. पन्नाशी उलटली, अमावस्येला शेतात एकटी राहिलेय, कधी काही दिसलं नाही. तोंड माझं जरा तिखट आहे, त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्या बायकांची मी भरपूर चेष्टा केली आहे. आता माझी पाळी आली आहे, तर तुम्हीही करा. पण आधी पूर्ण वाचा.

मी आखाडा बाळापूरची. यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी शीतल, वय सत्तावीस, हिंगोलीला एका कॉलेजात शिकवते. सहा वर्षांची असताना माझ्या माहेरी हळद शिजवायच्या कढईतलं उकळतं पाणी तिच्या डाव्या हातावर सांडलं. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली आहे. तेव्हापासून मी तिला पूर्ण बाहीशिवाय कपडा घालू दिला नाही. तरी बघायला आलेल्यांना कुठून तरी कळायचंच, आणि नकार यायचा. दहा झाले होते. अकरावं स्थळ वसमतचं. मुलगा सरकारी नोकरीत, घरची हळदीची शेती. रविवारी येणार होते. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

त्याच्या आधीच्या गुरुवारी शीतल म्हणाली, आई, हिंगोलीत एक नाटक आलंय, चल. पुण्याच्या मुलामुलींचा ग्रुप होता. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पडदे लावून छोट्या छोट्या खोल्या केलेल्या. आपण खुर्चीवर बसायचं नाही, थेट नाटकातच शिरायचं. डोळ्यांवर तो व्हीआरचा जाडजूड चष्मा आणि कानांवर हेडफोन. चष्म्यात खोली दिसते, माणसं दिसतात, आणि खरे नट बाजूला उभे राहून बरोबर वेळेला आपल्या डोक्यावर पदर टाकतात, हातात ट्रे देतात. विषय — मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आणि मुलगी आपण!

मला हसू आलं. म्हटलं, हे बघायला कळमनुरीमार्गे तासभर एसटीनं यायचं? आमच्या घरी फुकटात दर दोन महिन्यांनी होतं. शीतल हसली नाही.

माझ्या शेजारच्या पडद्याआड शीतल होती. दुपारचे तीन वाजलेले, बाहेर लख्ख ऊन. चपला काढायला सांगितल्या. खाली मांडवातलं हिरवं कार्पेट. एका मुलीनं चष्मा बांधला, सहा मिनिटांचं आहे म्हणाली, घाबरू नका.

आधी काळोख, मग खोली. निळा डिस्टेंपर मारलेली भिंत, काचेचं शोकेस, त्यात प्लास्टिकची फुलं. हातात ट्रे आला, पोह्यांचा वाससुद्धा आला. समोर चार पुरुष. नाव काय, शिक्षण किती... ठरलेलं सगळं. छान केलंय पोरांनी, असं मी मनात म्हणत होते. मग कुणीतरी मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. कुणी धरलं ते दिसेना. माझ्या पायांवर गार पाणी पडलं, आणि बाईचा आवाज आला —

"आता फरशीवरून चाल. ठसा बघू दे. पाय सपाट असला की घर बुडतं."

शहाबादी फरशीवर मी — म्हणजे चष्म्यातली मी — चालत गेले. मागून ती बाई हसली.

"आगं माय, हे पाऊल हाय का गवंड्याची थापी?"

मी चष्मा ओढून काढला. कारण तो आवाज माझा होता.

हे वाक्य मी चोवीस वर्षांपूर्वी बोलले होते. नरसीच्या अलीकडच्या एका गावात, गावाचं नाव लिहीत नाही. धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचं नाव सुनंदा. मोठी बहीण म्हणून आतली तपासणी माझ्याकडे. आतल्या खोलीत तिघीच होतो — मी, ती आणि तिची आई. पोरगी रडली नाही, नुसती आपल्या पायांच्या ठशांकडे बघत राहिली. मला तेव्हा फार मजा आली होती, खोटं कशाला बोलू? बाहेर येऊन मी फक्त "पसंत नाही" म्हणाले. भावाला ती आवडली होती, म्हणून आत काय झालं ते घरात कुणालाही, यांनासुद्धा, कधी सांगितलं नाही.

खाली बघितलं तर माझे पाय घोट्यापर्यंत ओले होते. भोवतीचं कार्पेट कोरडं. चष्मा बांधणारी मुलगीही बघतच राहिली. म्हणाली, मॅडम, इथं सगळ्या वायरी आहेत, आम्ही पाणी वापरतच नाही. तुमच्या नाटकात आतल्या खोलीत काय विचारतात म्हटलं, तर स्वयंपाक येतो का, केस खरे आहेत का, एवढंच. तो आवाज त्यांच्याच एका नटीचा. तिनं मला रेकॉर्डिंग ऐकवलं. कोवळा, पुणेरी आवाज. बाहेर बसलेल्या चार-पाच बायकांना विचारलं, त्यांनीही तोच कोवळा आवाज ऐकला होता.

शीतल मात्र पूर्ण सहा मिनिटं आत राहिली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. एसटीत कळमनुरी येईपर्यंत तिकिटाची घडी घालत बसली. मग म्हणाली, "आई, ती पोरगी कोण व्हती?"

कोणती पोरगी, म्हटलं.

"तुझा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

मग मी सांगितलं. खिडकीबाहेर बघत, जमेल तेवढं सौम्य करून. तिनं ऐकून घेतलं. मी विचारलं, मी चष्मा काढल्यावर पुढं काय होतं? ती म्हणाली, "तू काढलास ना? मग राहू दे." शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं, तेच उत्तर.

रविवारी वसमतची माणसं आली. मुलगा चांगला होता, खाली मान घालून बसलेला. त्याच्या आत्याबाई कारभारी. पोहे झाल्यावर आत्याबाई उठल्या आणि शीतलला आत घेऊन गेल्या. मागोमाग मी. दार लोटलं.

त्यांनी विचारलं, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाही काहून? म्हणजे कळलेलंच होतं. शीतलनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो, लहानपणी डॉक्टरकडे सुई बघितली की बघायची तसं. मी "राहू द्या आत्याबाई" म्हणाले असते तर काय झालं असतं? अकरावा नकार आला असता, एवढंच ना?

मी म्हणाले, "दाखव की शीतल. त्यांच्यापासून काय लपवायचं?"

तिनं बटण काढून बाही खांद्यापर्यंत सारली. आत्याबाईंनी डागावरून बोट फिरवलं, कातडी चिमटीत धरून ओढून बघितली. दुखतं का, पोटापाठीवर अजून कुठं आहे का, लेकराला दूध पाजताना तकलीफ होणार नाही ना... मग बाहेरून आपल्या सुनेला बोलावलं, तिनं बघितलं. मग म्हणाल्या, घरी म्हातारीला दाखवायला एक फोटो काढते. मोबाइल काढला. बाही सारखी खाली घसरत होती, म्हणून मी ती वर धरली. माझ्या हातानं. फोटो नीट यावा म्हणून पोरीला जरा उजेडाकडे वळवलंसुद्धा.

संध्याकाळी फोन आला. पसंत.

यांनी पेढे आणले. मला रडू येत होतं, आनंदाचंच. शीतल तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पेढा घेऊन गेले. म्हटलं, बघ, जमलं की नाही? आणि आता तरी सांग, त्या नाटकात पुढं काय होतं?

तिनं पेढा खाल्ला. मग सांगितलं. पाहुणे गेल्यावर सुनंदाच्या आईनं तिला लाटण्यानं मारलं. कपाळकरंटी म्हणत, पायांवर मारलं. तिनं हात मधे घातला तर डाव्या हाताची करंगळी मोडली. शेजारच्या बायका धावत आल्या तेव्हा सुटली.

मी म्हणाले, कसली आई असेल ती.

शीतल म्हणाली, "पाहुणे जाईपर्यंत तर थांबली ती."

नंतर तिनं पुढची घडी घातली. मी तिथंच उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात नरसीला लांबच्या नात्यातलं बारसं होतं. तिथं त्या गावची एक म्हातारी भेटली, सुनंदाच्या गल्लीतलीच. मी आडून आडून विषय काढला. म्हातारी म्हणाली, व्हय, लई मारलं व्हतं लेकराला पाहुणे गेल्यावर, आमीच सोडवलं. डाव्या हाताचं लहान बोट वाकडंच राहिलं. पुढं तिकडं तेलंगणात कुठंतरी दिली, परत माहेरी आली न्हाई. मी कोण, हे म्हातारीनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता हे शीतलला कसं कळलं? ती तेव्हा तीन वर्षांची, आणि आमच्या घरात सुनंदाचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. त्या ग्रुपला मी दोनदा फोन केला, त्यांच्यात या भागातलं एकही माणूस नाही. माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, मामी, मनात दडलेलं असतं, तसा चष्मा लावला की मेंदू फसतो. माझा मेंदू फसला असेल, मान्य. पण पोरीचा? आणि पायांवरचं पाणी? त्याच्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. शीतल नाही म्हणाली नाही. मी दोनदा म्हटलं, तुला नको असेल तर मोडू. ती म्हणाली, आता त्यांनी सगळं बघितलंय, राहू दे. साड्या घेतल्या, पत्रिका छापल्या. सगळ्यांशी हसून बोलते, माझ्याशीसुद्धा.

परवा दुपारी आम्ही दोघीच पत्रिकांवर नावं लिहीत बसलो होतो. लिहिता लिहिता तिनं वर न बघता विचारलं, "आई, त्या दिशी 'दाखव' काहून म्हणालीस?"

चष्मा लावून तीनच दिवस झाले होते गं, असं काही ती म्हणाली नाही. पण मला तेच ऐकू आलं. तुझं वय, तुझे दहा नकार, आमची काळजी... सगळं तोंडाशी आलं, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच की त्या वेळी मला माझी पोरगी दिसलीच नव्हती. आत्याबाईंसारखा मलाही नुसता दंड दिसत होता. असं का झालं, हे मला चष्म्याच्या गोष्टीपेक्षाही कमी कळतं.

मी खाली बघून हातातल्या पत्रिकेवरचं नाव पूर्ण केलं. तिनं पुढची पत्रिका घेतली.