घुबड, कुलूप की दीपस्तंभ

आमच्या केम्ची गावात उबेर्लिंदा ओयार्सोबाईंच्या वर्गातून गेला नाही असा तिशी-चाळिशीतला माणूस शोधावा लागेल. चौतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली बेरीज-वजाबाकी शिकले आणि पुढं लग्न होऊन नेमकी त्यांच्याच शेजारी राहायला आले. त्यामुळं माझी शाळा कधी सुटलीच नाही. मी लोकरीचं दुकान चालवते, दोन मुलांची आई आहे; तरी अजून बाईंनी खिडकीतून "ओर्फेलिना" अशी हाक मारली की मी हातातलं काम टाकून ताठ उभी राहते.

बाईंचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, त्यांनी कुणाला फुकट गुण दिले नाहीत. स्वतःच्या भाचीला त्यांनी भूगोलात नापास केलं होतं, आणि त्याच रात्री तिच्याच घरी जाऊन पोटभर जेवूनही आल्या होत्या.

गोष्ट आहे दोन हजार अकरा सालची. बाईंना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि त्यांचे यजमान, बेलार्मिनो कार्कामो, जाऊन तीन. बेलार्मिनो धक्क्यावर बोटींच्या नोंदी ठेवायचे. इतका शांत माणूस, की घरात आहे की नाही ते चूल पेटलेली दिसली तरच कळायचं. बाईंच्या घरातला कॉम्प्युटर म्हणजे त्यांचाच वारसा. बाई त्याच्यावर पत्रं लिहायच्या, चर्चच्या गायकवृंदाची गाणी टाइप करून द्यायच्या आणि पुएर्तो मोंत्तच्या बहिणीशी भांडायच्या.

त्या बहिणीनंच घोळ केला. नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो तिनं पेनड्राइव्हमध्ये घालून बसवाल्याच्या हाती पाठवले. बाईंनी तो लावला आणि पाहता पाहता कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर बारीक बाण लागलेल्या खुणांमध्ये बदलले. उघडायला जावं तर आत काही नाही. फोटो नाहीत, गाणी नाहीत, पत्रं नाहीत. बाईंनी मला हाक मारली तेव्हा त्या खुर्चीवर हात बांधून बसल्या होत्या, आणि पडद्याकडं अशा बघत होत्या की जणू वर्गात कुणी तरी शिट्टी मारली आहे आणि मारणारा अजून कबूल होत नाही.

आम्ही यंत्र उचललं आणि येर्को मान्सियाकडं नेलं. येर्कोचं दुकान किनाऱ्यालाच आहे. उजवीकडं लाकूड कापायची यंत्रं दुरुस्त होतात, डावीकडं कॉम्प्युटर. मधोमध तो स्वतः, हात कायम तेलकट. तोही बाईंचाच विद्यार्थी. त्यानं अर्ध्या तासात लपवलेल्या फायली परत आणल्या, म्हणाला काही गेलेलं नाही, व्हायरसनं फक्त पांघरूण घातलं होतं. पण आता बाईंनी एक चांगला अँटीव्हायरस घ्यावा. आणि त्यानं फळीवरून घुबडाचं चित्र असलेला एक डबा काढून समोर ठेवला.

"हाच का?" बाईंनी विचारलं.

"चांगला आहे, बाई. सगळे हाच नेतात."

"चांगला आहे हे उत्तर झालं का, येर्को? तो शेरा झाला. उत्तर कुठं आहे?"

अडतीस वर्षांचा, अख्ख्या दुकानाचा मालक असलेला येर्को जमिनीकडं बघू लागला. फळीवर आणखी दोन डबे होते, एकावर कुलूप आणि एकावर दीपस्तंभ. तिघांच्याही पाठीवर लिहिलं होतं की हाच जगात सर्वोत्तम. बाई म्हणाल्या, तिघंही पहिले आले म्हणजे कुणी तरी कॉपी केली आहे. महिनाभर फुकट वापरून बघता येतं असं येर्कोनं सांगितलं आणि बाई तिन्ही डबे उसने घेऊन घरी आल्या.

घरी आल्यावर त्यांनी पहिली चूक केली, आणि ती त्या स्वतःच पुढं सगळ्यांना सांगायच्या. तुलना करायला सोपं जावं म्हणून त्यांनी घुबड आणि कुलूप एकाच वेळी एकाच यंत्रात बसवले. एका म्यानात दोन तलवारी. घुबडाला कुलूप चोर वाटलं, कुलपाला घुबड. दोघं एकमेकांच्या फायली पकडून कोठडीत टाकू लागले आणि कॉम्प्युटर इतका मंदावला की बाण हलवायला घेतला की तो पोचेपर्यंत चुलीवरची किटली उकळायची. दुसऱ्या दिवशी तो सुरू व्हायचाच थांबला. येर्को आला, त्यानं दोघांनाही बाहेर काढलं आणि जाताना हळूच म्हणाला की हे डब्यावर लिहिलेलं असतं, बाई. बाईंनी डबा घेतला, चष्मा लावला, बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर. प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं. माझा एक गुण कमी."

मग त्यांनी रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली.

मागच्या पडवीत बेलार्मिनोंचा आणखी जुना कॉम्प्युटर पडून होता. तो परीक्षेचं सभागृह ठरला. येर्कोनं त्याच्या डिस्कची आधी एक प्रत काढून ठेवली, म्हणजे एकाची परीक्षा झाली की सगळं पुसून पुढच्याला कोरी पाटी देता येईल. प्रत्येक उमेदवाराला आधी नेट जोडून ताजं करायचं, मग तार काढून टाकायची, आणि मग प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका म्हणजे व्हायरस. ते आणायचे कुठून, तर गावातून. बाईंनी पाववाल्याच्या दारावर चिठ्ठी लावली: आजारी पेनड्राइव्ह हवेत. नाव गुप्त राहील. बरे करून परत मिळतील.

पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. आपल्या घरात उवा झाल्या आहेत हे चारचौघांत कोण सांगेल? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंपलेवाली मावशी पदराआडून दिल्यासारखा एक देऊन गेली, मग दवाखान्यातली नर्स, मग माझ्याच नवऱ्यानं मला न सांगता एक नेऊन दिला. एकूण चौदा जमले. नाव गुप्त ठेवण्याचं वचन बाईंनी पाळलं. पण सर्वांत जास्त किडे निघाले तो पेनड्राइव्ह चर्चच्या चावीच्या जुडग्याला अडकवलेला होता, त्याला बाई तरी काय करणार. त्या रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन जरा लवकर आवरलं.

एवढ्यावर परीक्षा पुरी होत नाही असं बाईंचं म्हणणं पडलं. मला माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, ओतून देत त्यांनी समजावलं, की चोर पकडणं सोपं असतं. सगळ्या वर्गाला शिक्षा केली की चोरालाही होतेच. खरी परीक्षा ही, की साध्या मुलांना त्रास न देता चोर पकडता येतो का. म्हणून त्यांनी वीस निष्पाप फायलीही मध्ये मिसळल्या. त्यात बाप्तिस्म्याचे फोटो होते, गाणी होती, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि बेलार्मिनोंची 'मारेआ' होती.

'मारेआ' म्हणजे बेलार्मिनोंनी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. वाचनालयातलं एकच पुस्तक आठ महिने घरी ठेवून ते हे शिकले होते. तारीख घातली की भरती-ओहोटीची वेळ सांगायचा. सरकारी तक्ता छापलेला मिळतो, पण आमच्या खाडीच्या वळणामुळं इथं पाणी बारा मिनिटं उशिरा उतरतं. बेलार्मिनोंनी ती बारा मिनिटं हिशेबात धरली होती. शिंपले वेचायला जाणाऱ्या सगळ्या बायका सकाळी बाईंना फोन करून वेळ विचारायच्या. प्रोग्राम उघडला की वेळेखाली एक ओळ यायची: उबेर्लिंदा, पाणी आत आहे तोवर चहा पिऊन घे.

परीक्षा सहा दिवस चालली. तिघांनी मिळून जे जे पकडलं आणि येर्कोनं खरंच वाईट म्हणून तपासलं, ते अठ्ठावन्न भरलं. कुलपाला एकोणतीस मिळाले. शिवाय दर वीस मिनिटांनी ते पडद्याच्या कोपऱ्यात उगवून आपण किती छान काम करतोय ते सांगायचं. बाईंनी शेरा लिहिला: बोलतो फार. दीपस्तंभाला शेहेचाळीस, एकाही निष्पापाला हात लावला नाही. शेरा: सालस, मेहनत हवी. घुबड शेवटी बसलं आणि त्यानं अठ्ठावन्नपैकी सत्तावन्न पकडले. येर्को खूश झाला, कारण त्यानं पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतं. तेवढ्यात पडद्यावर आणखी एक लाल चौकट आली. 'मारेआ' धोकादायक आहे. काढून टाकली.

प्रत होती, त्यामुळं नुकसान काही नव्हतं. पण बाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली. येर्को घाईघाईनं सांगू लागला, की तसं काही मनावर घेऊ नका, हा प्रोग्राम जुन्या पद्धतीनं बांधलेला आहे, त्याच्यावर कुठल्या कंपनीची सही नाही, जगात दुसऱ्या कुणाकडं तो नाही. अनोळखी म्हणून घुबडाला संशय येतो, एवढंच.

"एकतीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर," बाई म्हणाल्या. "धोकादायक असता तर निदान एकदा तरी मला उलट बोलला असता."

आम्ही हसलो, आणि बाईही हसल्या, पण चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

आता पेच असा होता, की गुणांनी घुबड पहिलं आणि बाईंच्या मनातून ते साफ उतरलेलं. मी म्हटलं, दीपस्तंभ घ्या की, परीक्षा तुमचीच आहे. येर्को म्हणाला, घुबडालाच सांगता येतं की या एका फायलीकडं बघू नकोस. बाईंना दोन्ही पटलं नाही. मनातून उतरला म्हणून पहिल्या आलेल्याचे गुण कापायचे, हे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. आणि डोळे मिटून घे म्हणून सांगणं म्हणजे बेलार्मिनोंना गुन्हेगार ठरवून वर माफी दिल्यासारखं. त्यांना निर्दोष सुटका हवी होती.

तेव्हा त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं, शुद्धलेखनासाठी नाही, साक्षीदार म्हणून. त्यात घुबडाच्या हुशारीचं मोकळं कौतुक होतं, मग बारा मिनिटांची हकीकत होती आणि शेवटी विचारलं होतं की ज्याला आपण ओळखत नाही तो प्रत्येक जण वाईट, हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात. उत्तर लगेच आलं, पण ते यंत्राचं होतं: संशयित फाइल या पत्त्यावर पाठवा. यावर मात्र बाई दोन दिवस अडल्या. नवऱ्याच्या हातची वस्तू परक्या देशात, परक्या माणसांपुढं उघडून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मिल्काओ, म्हणजे बटाट्याचे वडे, तळता तळता त्या मला म्हणाल्या, की परदेश सोडाच, बेलार्मिनो पुंता अरेनासच्या पलीकडंही कधी गेला नाही. जाऊन येऊ दे. आणि हात धुऊन त्यांनी फाइल पाठवली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी माणसाचं होतं. इदालिया पेन्या नावाच्या बाईची सही होती. तुमची फाइल आम्ही तपासली, तिच्यात काहीही अपायकारक नाही, आमची चूक झाली, उद्याच्या सुधारणेपासून ती सुरक्षित म्हणून ओळखली जाईल. त्याखाली तिनं आपणहून लिहिलं होतं: तपासताना आम्ही ती चालवून पाहिली. आमच्या शहराला समुद्र नाही. तरी तिनं आम्हाला चहा प्यायला सांगितलं, म्हणून आम्ही सगळे उठून चहा पिऊन आलो.

बाईंनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी पडवीत घुबडाची फेरतपासणी झाली. ते सगळ्या फायलींवरून फिरलं, 'मारेआ'वरूनही फिरलं, आणि गप्प राहिलं. बाई येर्कोला म्हणाल्या, "म्हणजे आता जगात जिथं जिथं हे घुबड बसलंय, तिथं सगळीकडं लिहिलेलं आहे ना, की बेलार्मिनो निर्दोष?"

"तसंच म्हणायचं, बाई," येर्को म्हणाला. माझ्या माहितीप्रमाणं त्यांनी त्याचं उत्तर पहिल्यांदाच न तपासता बरोबर धरलं.

घुबडाचा डबा त्यांनी त्याच दिवशी विकत घेतला. चौदा पेनड्राइव्ह स्वच्छ होऊन कागदाच्या पुड्यांत ज्याचे त्याला गेले. निकालाचा तक्ता बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून येर्कोला दिला, तो त्यानं दुकानाच्या काचेवर लावला, आणि माणसं डब्यावरचं वाचायचं सोडून तो वाचून खरेदी करू लागली.

याचा परिणाम असा झाला की नोव्हेंबरात कुलपाच्या कंपनीचा फिरता विक्रेता, टाय लावलेला एक गृहस्थ, कास्त्रोहून बाईंच्या दारात उभा राहिला. या भागात त्याचा एकही डबा खपत नव्हता. त्यानं बसून, फार नम्रपणे, एकोणतीस हे गुण अन्यायाचे आहेत असं मांडलं. बाईंनी त्याला खाऊ घातलं, उत्तरपत्रिका दाखवली, प्रत्येक चूक बोट ठेवून समजावली, आणि मार्चमध्ये फेरपरीक्षा असते म्हणून सांगितलं.

तो मार्चमध्ये खरंच आला. नवी आवृत्ती घेऊन आला होता, आणि पडवीबाहेर बाकावर निकालाची वाट बघत बसला तेव्हा टायची गाठ सारखी नीट करत होता. कुलपाला एकेचाळीस मिळाले. बाईंनी शेऱ्यात लिहिलं: प्रगती आहे. बोलणं अजून कमी करावं. तो कागद घडी करून त्यानं खिशात घातला आणि आमच्या समोरून बस पकडायला गेला, चांगला खुशीत.