पाहुण्यांसमोरची परीक्षानळी

आबांना मधुमेह होता, आणि आमच्या घरी तो सुई न टोचता पाहिला जाई. परीक्षानळीत चमचाभर निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळल्यावर निळं राहिलं तर आबांची मान ताठ, हिरवं-पिवळं झालं तर आईची बोलणी, आणि विटकरी झालं तर दोन्ही वेळा मेथी. जळगावात रक्त तपासून मिळायचं, पण रोज सकाळी दंड पुढे करायला कोण जाणार? नळीचं काम ताईकडे होतं. ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती. घरातल्या एवढ्या पदव्यांमध्ये ही एकच उपयोगी पडली, असं आबा म्हणत. माझी तेव्हा व्हायची होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस साक्रीकडचे पाहुणे ताईला बघायला आले. लांबून येणार म्हणून मुक्कामीच. आदल्या दिवशी मामांनी बजावलं, "दाजी, ती नळी उद्या माळ्यावर टाका. घरात साखरेचा रोग आहे म्हटलं की पाहुणे चहासुद्धा पुरा पीत नाहीत."

आबांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "आणि आबांना कुठं टाकायचं?"

पाहुणे संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे वडील ओसरीवर बसले होते. तीन संस्थांचे अध्यक्ष होते. चौथीची बोलणी चालू असल्याचं त्यांनी रात्रीच दोनदा सांगितलं होतं. ताईने नेहमीप्रमाणे खिडकीत दिवा पेटवला. हे काय, असं त्यांनी विचारलं आणि तिने सरळ सांगितलं. मामांनी डोळे मिटून घेतले. नळी हिरवी झाली.

"आमच्या घरात असलं काही नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तपासलंय का कधी?" आबांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"जे नाहीच, ते काय तपासायचं?"

हे सगळं मुलाची आई आतून ऐकत होती. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात ताईजवळ आली. "पोरी, माले रातभर तहान लागस. सारखं उठनं पडस. मनं बी दखी दे. पण यास्ले सांगू नको," ओसरीकडे बोट दाखवत ती म्हणाली.

ताईने तिचीही लघवी तपासली. नळी विटकरी झाली. आमच्या आईने मागून ताईचा दंड घट्ट धरला. आधी लग्न जमू दे, मग बोल, एवढं सगळं त्या पकडीत होतं. ताईने हात सोडवून घेतला.

"काकू, हे लपवून चालणार नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्या बाईंनी पदर सारखा केला, फडक्यात नळी धरली आणि ओसरीवर जाऊन नवऱ्यापुढे केली. "हाई आबांनी नही. मनी शे."

अध्यक्षांनी बायकोच्या नळीकडे पाहिलं, मग ताईकडे. "पोरीने औषध चुकवलं असेल."

"असेल," ताई म्हणाली. "पुन्हा करू, तुमच्यासमोर. पण तोच रंग आला तर काकूंना आजच डॉक्टरांकडे न्यायचं. नळीवरून नुसता अंदाज येतो. खात्री रक्तानेच होते."

मामा छताचे पत्रे न्याहाळू लागले. रात्रीपासून एक शब्द न बोललेला मुलगा उठला. "आई, चप्पल घाल. आपण जाऊन येऊ."

"पुन्हा करून तर पाहू दे," अध्यक्ष म्हणाले.

"तिकडंच करतील," मुलगा म्हणाला.

रक्तात साखर निघाली, बरीच निघाली. औषध त्याच दिवशी सुरू झालं. दुपारच्या एस.टी.ने पाहुणे गेले ते हो किंवा नाही काहीच न बोलता. मामा न जेवता घरी गेले आणि आई दोन दिवस ताईशी तुटक बोलली. ताईने मात्र दुसऱ्या दिवशी आबांची नळी धुऊन दिवा पेटवला, रंग विटकरी आला, आणि आबांनी पहिल्यांदाच कुरकुर न करता मेथी खाल्ली.

होकार महिन्याने आला. मुलगा स्वतः द्यायला आला. अध्यक्ष कामात होते. तेव्हापासून लग्न जमल्याची बातमी आबा लोकांना दुसऱ्या वाक्यात सांगत. पहिल्या वाक्यात ताई पाहुण्यांसमोर काय बोलली ते असे. ताईची गोष्ट निघाली की मीही अजून तिथूनच सुरुवात करतो.