वस्तीच्या जागी सोयाबीन

सुगत सर आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवतात. चुडाव्याच्या पुढचं हे गाव. सर याच गावचे, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. त्यांची आई मालनबाई त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. दुपारी भांडी घासून झाली की ती आमच्या ओट्यावर टेकते, म्हणून मला हे सगळं माहीत.

जगाचे प्रदेश हा धडा सरांचा लाडका. ते सांगायचे, प्रदेश जमिनीवर आखलेला नसतो, माणूस तो ठरवतो. भाषेचा निकष लावला तर एक प्रदेश होतो, पावसाचा लावला तर दुसरा. इजिप्त कुणी आफ्रिकेत धरतं, कुणी अरब जगात. मध्यपूर्व म्हणतात, पण ती पूर्व कुणाच्या दारातून मोजली? आणि सीमा म्हणजे रेघ नव्हे, पट्टा असतो. एक मुलूख तिथं हळूहळू दुसऱ्यात मिसळतो. मग मुलांना ते काम द्यायचे: एक निकष घ्या आणि आपल्या गावाचा प्रदेश आखून आणा.

गेल्या वर्षी अपेक्षाच्या गटानं पोळा घेतला. पोरी हुशार. वेशीत तोरणाखाली बैल जमले तिथपासून त्या मागे लागल्या. मारुतीला फेरी झाली, मग ज्या ज्या दारात बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली, ते घर कागदावर घेतलं. वस्तीतही बैल आहेत. पण ते ओढ्यावर धुऊन परस्पर घरी नेतात, मारुतीपुढे आणत नाहीत. कधीपासून, कुणी ठरवलं, हे आता कुणी विचारतही नाही.

नकाशा देखणा झाला होता. मारुती मधोमध, भोवती घरं, ओढ्याच्या पुलाशी जाड लाल रेघ. रेघेपलीकडे हिरवंगार.

सरांनी अपेक्षाला विचारलं, "हे काय दाखवलंय?"

"सोयाबीन, सर. तिकडं बैल जात न्हाईत ना. कोरं बरं दिसंना, म्हणून शेत रंगवलं."

पोरीच्या मनात काही नव्हतं. निकष एकच होता आणि सगळीकडे सारखा लावला होता. खोट काढावी तर आपल्याच शिकवण्यात काढावी लागणार. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

मुख्याध्यापक योगीराजरावांना तो नकाशा इतका आवडला, की तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवायला काढला. वर मोठ्या अक्षरांत 'आमचे गाव'. तेव्हा मात्र सर ऑफिसात गेले. म्हणाले, दुसरा निकष घेऊ. शाळेत पोरं कुठून येतात ते घेऊ, खुरपायला बाया कुठून येतात ते घेऊ. मग वस्ती कडेला नाही, मधोमध येते. निदान खाली 'पोळ्यानुसार' एवढं तरी लिहू द्या.

योगीराजरावांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"तुमीच शिकवलंत ना सर, निकष माणूस ठरवतो म्हणून? मग ठरवला पोरांनी. गुण तुमीच दिले. आता घरचं कशाला मधी आणायलात?"

बाकीचे गुरुजी हजेरीपटात डोकं घालून बसले. सर बाहेर आले.

भिंत रंगून झाली त्या दिवशी मालनबाई हात पुसत पुसत तिच्यासमोर उभी राहिली. तिला अक्षर येत नाही, पण मारुती ओळखला, वेस ओळखली, ओढा ओळखला. पूल सापडल्यावर तिचं बोट थांबलं.

"आपलं घर कुठंय रे?"

सरांनी हिरव्यावर बोट ठेवलं. रंग ओला होता, बोटाला लागला.

मालनबाईनं पदरानं त्यांचं बोट पुसलं. मग म्हणाली, "सोयाबीनातून येऊन मी यांच्या लेकरांना खाऊ घालायलेय व्हय?"

आणि चुलीकडे गेली, कारण मोठ्या सुट्टीची घंटा झाली होती.

साहेब आले, भिंतीपुढे उभं राहून फोटो काढले, गेले. हिरवा रंग चांगल्या प्रतीचा निघाला; पावसाळा गेला तरी उतरला नाही. सर रोज त्याच्यासमोर गाडी लावतात.

यंदा तो धडा त्यांनी बसल्या बसल्या पुस्तकातून वाचून घेतला. नव्या वर्गातल्या एकीनं विचारलं, गावाचा नकाशा कधी काढायचा.

"परीक्षेला येत नाही," सर म्हणाले, आणि पान उलटलं.