उभी कुयरी

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. साठ सालानंतर बी. ए. होऊन दुबईला कारकून म्हणून निघालो, तेव्हा अम्मानं अब्बांची औरंगाबादी हिमरू शाल माझ्या ट्रंकेत ठेवली. तिच्यावर कुयऱ्या विणलेल्या.

थंडीत ती पांघरून ऑफिसला निघालो की बाजारातला एक म्हातारा इराणी कापडवाला मला हाक मारायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चहाचा पेला बाजूला ठेवून, हात कोरडे करून, मगच तो शालीला बोट लावायचा.

एकदा एका कुयरीवर बोट ठेवून म्हणाला, "ये तो हमारा सरू है." सरू म्हणजे त्याच्या गावचं उंच झाड, वाऱ्यानं शेंडा झुकलेलं.

"चाचा, ये कैरी है. आमच्या रत्नागिरीत दारात लागते."

तो हसला. "विणकरांनी सरू हिंदुस्तानात नेला, तर त्याला आंबे लागले. मैं यहाँ आया, सूख गया."

मग हळूच म्हणाला, "ही मला दे. दुकानातलं हवं ते घे."

"नाही चाचा. माझंही घर इथं एवढंच आहे."

"खलास," म्हणत त्यानं मान हलवली. मग माझ्या खांद्यावरची शाल काढून खालची कड वर करून घातली. आता प्रत्येक कुयरीचं टोक वर होतं. "सरू उभा असतो. त्याला कैरीसारखा झाडाला लटकवू नकोस, बेटा."

आज मी रत्नागिरीत आहे, दारात कैऱ्या लोंबताहेत. शाल मात्र मी टोकं वर करूनच पांघरतो.