चिमूटभर ऊद

मनकर्णाबाईचं नाव काढलं की आमच्या गावात लोक अजून तोंड वाकडं करतात. हिंदू म्हणतात, बाटली. किरिस्तान म्हणतात, पडली. मी इनायतुल्ला पिंजारी. मी ना इकडचा, ना तिकडचा, म्हणून मीच सांगतो. ज्याले झोंबल त्याले झोंबो.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याच्या वाटेवर. मनकर्णाबाईचा नवरा जानराव कुणबी होता, नाल्याकाठी त्याचं चांगलं काळं वावर होतं. अमरावतीच्या बाजारात एक म्हातारा पाद्री झाडाखाली उभा राहून येशूची गोष्ट सांगायचा. लोक हसायचे, पोट्टे खडे मारायचे. जानराव ऐकत बसायचा. दोन वर्षं ऐकलं अन् एक दिवस बायको-पोरीसकट बाप्तिस्मा घेऊन आला. गावातला दुसरा माणूस भगवंतराव, चार बुकं शिकलेला, बोलायले गोड. त्यानं बी घेतला. बस, दोनच घरं.

मनकर्णाबाई मले भाऊ म्हणायची. रजई भरायले कापूस घेऊन आली की मी पिंजत राहायचो अन् ती उंबऱ्यावर बसून पाद्र्यानं सांगितलेलं मले सांगायची. एकदा रोम नावाच्या शहराची गोष्ट सांगितली. तिथं मोठा बादशहा. आधी म्हणे त्यानं येशूच्या लोकाईकडं पायलंच नाई. मंग हुकूम सोडला, सगळ्याईनं माझ्या मूर्तीपुढच्या आगीत चिमूटभर ऊद टाका. जो टाकल त्याले टाकल्याची चिठ्ठी, जो नाई टाकल त्याले वाघ-सिंहापुढं फेका. बरेच मेले. बऱ्याचजणाईनं टाकला. काहीजणाईनं तर पैसे चारून नुसत्या चिठ्ठ्या घेतल्या. पुढं असा बादशहा आला का तोच या धर्माकडं वळला. मंग काय, काल जे दगड मारत होते तेच पहिल्या रांगेत जाऊन बसले!

मी पिंजायची कमान थांबवून इचारलं, "अन् ज्याईनं ऊद टाकला होता, त्याईचं काय झालं व बाई?"

"मी बी हेच इचारलं. पाद्रीबाबा म्हणे, ते दारात उभे राहून रडले. मंग त्याईले आत घेतलं."

"किती वर्षं रडले?"

"ते नाई सांगितलं त्याईनं," ती म्हणाली अन् हसली. तेव्हा ती हसत होती.

गावचा पाटील किसनराव. त्यानं आधी दुर्लक्ष केलं. पण जानरावानं पोळ्याले बैल मारोतीच्या पारावर नेले नाईत अन् पाटलाचं टाळकं फिरलं. आधी न्हावी बंद, मंग लोहार, सुतार बंद. चैत लागला तशी विहीर बंद. जानराव हाडाचा हट्टी. म्हणे, नाल्यात झिरा खोदतो, तेच पितो. पिला. आठव्या दिवशी पटकी झाली अन् संध्याकाळच्या आत माणूस गेला.

पाद्री चिखलदऱ्याले होता, त्याले निरोप पोचेपर्यंत काय? भगवंतराव गावात नव्हता. खांदा द्यायले कोणी नाई. पाटलाचा कोतवाल येऊन सांगून गेला, "शिवेत पुरलेला दिसला त उकरून फेकू." मंग दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुत्रं बी बाहेर नसते अशा वक्ताले, मी अन् बाईनं जानरावाले त्याच्याच वावरात, नाल्याकडच्या बाभळीखाली ठेवलं. वरून माती सपाट केली, काटक्या टाकल्या. त्या वावरात दोन बाभळी आहेत, एक नाल्याकडं, एक रस्त्याकडं. हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या दिवशी पोरीले ताप भरला. शालू नाव तिचं, सात-आठ वर्षांची. अंगावर लाही फुटावी असा ताप, झिऱ्याचं पाणी पाजायची आता हिंमत नाई, अन् घरात दुसरा थेंब नाई. आता जे सांगतो ते सांगायची मले लाज वाटते, पण सांगतो. आमी पिंजारी त्याच विहिरीच्या खालच्या अंगाले भरायचो. दोन दिवस मी माझ्या मडक्यातलं पाणी बाईले दिलं. तिसऱ्या दिवशी कोतवाल दारात. "काहून रे इनायत, तुझं मडकं बी बंद करू का?"

मी मडकं उचलून आत नेलं. बाई लोटा घेऊन आली तेव्हा मी दाराआड उभा होतो. माझी बायको नसीमबानो माझ्याकडं पाहून राहिली. मी हातानं खूण केली. ती दारातून म्हणाली, "पाणी सरलं बाई." रांजण भरलेला होता.

मनकर्णाबाई वळली. तशीच रिकामा लोटा घेऊन पारावर गेली. किसनराव बसलाच होता. मारोतीपुढं धुपाटण्यात निखारे होते. बाईनं चिमूटभर ऊद उचलला अन् टाकला. आमच्या दर्ग्यात जळते तोच तो ऊद, तोच धूर. पाटील म्हणाला, "भर आता पाणी." तिनं भरलं, धावत घरी गेली, पोरीच्या तोंडात घातलं. शालू वाचली.

भगवंतरावाची कथा ऐका आता. हा पठ्ठ्या त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याले सासुरवाडीले जाऊन बसला होता. जाण्याआधी गड्याच्या हातानं पाटलाकडं नारळ अन् ऊद पाठवला, माझ्या नावानं टाका म्हणे. पाटलानं टाकला. भगवंतरावाच्या बायकोची घागर एक दिवस अडली नाई. हात मात्र स्वच्छ! याले म्हणतात साप बी मरावा अन् काठी बी तुटू नये.

मंग तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली अन् इकडं आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. बापा, काय ते दिवस! ज्याच्या धोतराले ठिगळं होती तो जरीचा पटका बांधून फिरायले लागला. किसनरावानं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घातल्या. जानरावाचं वावर बी त्याच्याच घशात गेलं होतं, बाईच्या नांगराले हात लावणारा होता कोण? ती दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचायची, वेचणी झाल्यावर बोंडात राहते तेवढा कापूस. माझं म्हणाल त सगळा कापूस गाड्या भरभरून मुंबईले गेला अन् पिंजाऱ्याची कमान खुंटीले लटकली.

गोरे साहेब कापूस पायले येऊ लागले. साहेब ऐतवारी टोपी काढून बसते कुठं, हे पाटलानं बरोबर हेरलं. आमच्या गावात गिरजा बांधायले जागा कोणी द्यावी? किसनराव पाटलानं! म्हातारा पाद्री तोवर वारला होता. नवा आला तो तरणा, नियमाचा कडक. त्याचा उजवा हात भगवंतराव. आता भगवंतराव काळा कोट घालून उपदेश करायचा, अन् रोमची तीच गोष्ट सांगायचा. सिंहापुढं उभे राहिले त्याइची.

गिरजा उघडला त्या दिवशी मी बाहेर कडुनिंबाखाली होतो. पाटील खुर्चीवर, गळ्यात हार. मनकर्णाबाई शालूले घेऊन आत जाऊ लागली तसा भगवंतराव उठला. म्हणाला, "साहेब, या बाईनं संकटात मूर्तीपुढं ऊद टाकला. हिले प्रभुभोजनाच्या भाकरीले कसं बसवायचं?" पाद्र्यानं इचारलं, साक्षी कोण? अन् किसनराव, अल्ला की कसम, तो किसनराव खुर्चीवरून म्हणाला, "खरं आहे. माझ्या डोळ्यादेखत टाकला."

ज्यानं विहीर बंद केली तोच साक्षीदार! बाईनं भगवंतरावाकडं पायलं. तिले त्याचा नारळ ठाऊक होता, अख्ख्या गावाले ठाऊक होता. ती एवढंच म्हणाली, "टाकला मी." दुसऱ्याचं नाव घेतलं नाई. मले राग येते त्याचा. घ्यायचं होतं ना नाव!

पाद्र्यानं ठरवलं, तिनं तीन वर्षं दारापाशी जोड्याजवळ उभं राहावं अन् पस्तावा करावा. शालूले मात्र अमरावतीच्या मिशनच्या शाळेत घेतलं. ऐतवारी गावी आली की पोरगी गिरज्यात आत बसायची, माय दारात. पुढं शाळेत शिकवलं तसं पोरीनं मायकडं मान वळवून पायनं बी सोडलं.

दुसऱ्या वर्षी पाद्र्याच्या मनात आलं, जानराव हा येशूचा इथला पहिला साक्षीदार, त्यानं प्राण दिला पण ऊद टाकला नाई. त्याले वावरातून काढून मिशनच्या कबरस्तानात न्या, वर नाव कोरून दगड बसवा. कबर कुठं आहे, हे बाईलेच इचारावं लागलं. मले कोणी इचारलं नाई, पिंजाऱ्याले काय ठाऊक असते?

बाई म्हणाली, "दाखवतो. एकच मागणं आहे. त्याइच्या बाजूची जागा माझ्यासाठी ठेवा. मले बाकी काही नको. प्रभुभोजन नको, खुर्ची नको. मेल्यावर त्याइच्याजवळ ठेवा."

भगवंतराव म्हणाला, "ती रांग उभे राहिलेल्याइची आहे, मनकर्णाबाई. पडलेल्याइची कशी असल?"

पाद्र्यानं मान खाली घातली. नाई म्हणाला नाई, हो बी म्हणाला नाई.

बाई उठली, त्याईले वावरात घेऊन गेली अन् रस्त्याकडच्या बाभळीखाली बोट दाखवलं. मी तिथंच उभा होतो. खरी बाभूळ मले ठाऊक होती, पण मी तोंड उघडलं नाई. कंबरभर खोदलं. काळी माती, मुळ्या, दोन-चार तपकिरी तुकडे. भगवंतराव म्हणे, "हेच." मखमल लावलेल्या पेटीत ते भरलं, वरून माती घातली, गाणी म्हणत नेलं. शालू पेटीमागं चालून राहिली होती, पांढरं लुगडं नेसून, डोळे पुसत.

परतताना बाई मले म्हणाली, "भाऊ, माझा माणूस मी त्याईले देणार नाई."

पुढच्या भादव्यात ती हिवतापानं अंथरुणाले खिळली. नसीम तिच्याजवळ बसायची. शेवटच्या दिवशी बाईनं मले बोलावलं. "मले कुठं ठेवायचं ते तुले सांगायची गरज नाई. अन् एक वचन दे. शालूनं इचारलं, माय कुठं आहे, त सांगजो. तिच्या बापाचं बी सांगजो. नाई इचारलं त राहू दे. पोरीच्या गळ्यात जबरदस्तीनं नको बांधू."

मी वचन दिलं. कबरस्तानानं तिले घेतलं नाई, गावच्या मसणवट्यानं बी नाई. शालूले मी निरोप धाडला, ती भगवंतरावाची सून होऊन अमरावतीले राहत होती, आली नाई. मी अन् नसीमनं बाईले नाल्याकडच्या बाभळीखाली तिच्या माणसाजवळ ठेवलं. तिथं भूत आहे म्हणून पाटलाचे वेचणारे फिरकत नाईत, तिथला कापूस बोंडात तसाच राहते.

अमेरिकेतली लढाई संपली, भाव धाडकन खाली आला. पाटलाच्या बैलाच्या शेंब्या उतरल्या. एक दिवस चैतातल्या उन्हात छकडा माझ्या दारात थांबला. शालू उतरली, सात महिन्याची गरोदर. "मामा, आधी पाणी द्या."

नसीमनं लोटा दिला. तिनं घटाघटा पिला, दुसरा मागितला, तो बी पिला. मंग म्हणाली, "पाळण्यासाठी गादी पायजे. तुमच्यासारखं कोणी पिंजत नाई."

मले वाटलं, आता इचारल. ती बापाच्या दगडाबद्दल बोलत राहिली, दर ऐतवारी ती फुलं ठेवते म्हणे. शेवटी माझ्यानंच राहवलं नाई. "अन् मायचं काय, पोरी?"

तिनं लोटा खाली ठेवला. "मायनं ऊद टाकायचा नव्हता, मामा."

"तू तापात फणफणत होती. तुझ्या घोटासाठी टाकला तिनं."

"म्हाइत आहे मले. म्हणूनच म्हणतो. मले मरू द्यायचं होतं. आज आमी तिघं बी एका रांगेत असतो."

माझ्या अंगाची आग झाली. म्हणालो, "तुझी माय पडली नाई. मी पाडली. रांजण भरलेला होता अन् मी दाराआड लपलो होतो. म्हणायचं असल त मले म्हण!"

तिनं माझ्याकडं पायलं, येड्याकडं पाहावं तसं. "तुमी मुसलमान, मामा. तुमाले कोण इचारते?" असं म्हणून पदरानं तोंड पुसलं.

जिभेवर आलं होतं, पोरी, तू मातीच्या पेटीले फुलं वाहून राहिली. पण तिनं इचारलं नव्हतं. बाईले एकदा दगा दिला होता मी, दुसऱ्यांदा देणार नव्हतो. मी म्हणालो, "गादी केवढी पायजे?" तिनं हातानं माप दाखवलं.

नाल्याकडच्या बाभळीखालचा कापूस नसीमनं अन् मी वेचून ठेवला होता. त्याची सरकी काढली, खुंटीवरची कमान उतरवली अन् दोन दिवस पिंजला. असा कापूस मी जन्मात पिंजला नाई. शालू गादी न्यायले आली, तळहातानं दाबून पायली अन् म्हणाली, "भल्ली मऊ झाली, मामा." कापूस कुठला, हे बी तिनं इचारलं नाई.

छकड्यात बसता बसता तिनं पाणी मागितलं. नसीम उठत होती. मी तिले बसवलं अन् लोटा भरून मीच नेऊन दिला.